विहिरीकडच्या झाडाचे पेरू

सुनंदाबाईंनी पर्समधून छोटी सुरी काढली, पेरू मधोमध कापला आणि दोन्ही फोडी प्रेमापुढे धरल्या. आत अळी होती. उजेड लागताच ती वळवळली आणि गरात शिरायला बघू लागली.

"असे कसे द्यायचे हो आम्ही लोकांना?" सुनंदाबाई म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं विचारल्यासारखं. त्यांनी दुसरा कापला. त्यातही अळी. तिसरा त्यांनी कापलाच नाही. सुरी रुमालाला पुसली आणि पाण्याच्या पाटावरची फळी ओलांडून त्या पलीकडे, प्रेमाच्या धाकट्या जावेच्या, शेवंतीच्या बाजूला गेल्या.

पलीकडे पेरू कापल्याचा करकर आवाज झाला. मग सुनंदाबाईंचाच आवाज आला, "वा! हे बघा. याला म्हणतात पेरू."

प्रेमा फोडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. अळी तिच्या अंगठ्यावर आली तेव्हा तिनं हात झटकला.

त्या काळी मालाडच्या पश्चिमेला मार्वे रस्ता सोडून आत वळलं की वाड्याच वाड्या होत्या. पेरू, चिकू, केळी, मधेमधे माठाचे आणि मुळ्याचे वाफे. संध्याकाळी खाडीकडून वारा आला की मीठ आणि पिकल्या पेरूचा वास एकत्र यायचा. आज तिथं उभं राहून कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. शिवदास राऊतांची वाडी त्यातलीच एक. मधोमध विहीर, विहिरीपासून निघालेला पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना पेरूची झाडं. गुणाजी आणि सहदेव हे दोघे सख्खे भाऊ ती मक्त्यानं करत होते. माणसं मालवणाकडची. गिरणीच्या संपाला चार पावसाळे उलटले होते. गुणाजी साच्यावर, म्हणजे मागावर होता, सहदेव सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायच्या खात्यात. गिरणीचं दार पुन्हा उघडलं तरी या दोघांना आत घेतलं नाही. मग राऊतांच्या ओळखीनं वाडी मिळाली. अलीकडची बाजू थोरल्या गुणाजीची आणि त्याच्या बायकोची, प्रेमाची; पलीकडची धाकट्या सहदेवाची आणि शेवंतीची. घर एकच, पण मधे गोणपाटाचा पडदा आणि दोन स्टोव्ह.

शेवंतीला प्रेमानंच या घरात आणली होती. दिरासाठी मुलगी बघायला तीच गेली होती. "चेडू कामाचा आसा," असं तिनंच घरी येऊन सांगितलं होतं. पेरूची फांदी वाकवून तिला दगड बांधायचा, म्हणजे तिला जास्त फुटवे येतात आणि फळ हाताशी राहतं, हेही तिनंच शेवंतीला शिकवलं होतं. आता शेवंतीच्या फांद्या अशा लगडल्या होत्या की दगडाची गरज राहिली नव्हती.

सुनंदाबाई कांदिवलीच्या. त्यांचं बायकांचं ग्राहक मंडळ होतं. डाळी, गूळ, फळं परस्पर पिकवणाऱ्याकडून आणायची आणि सभासदांना घरपोच वाटायची. दर शनिवारी मंडळाचा टेम्पो यायचा. अळ्या निघाल्या त्या श्रावणातल्या दिवसापासून तो पाटाच्या पलीकडे थांबू लागला. अलीकडचे पेरू गुणाजी सायकलवर लादून मालाडच्या बाजारात नेई आणि मिळेल त्या भावात फेरीवाल्यांच्या गळ्यात मारून येई.

टेम्पोचा हॉर्न वाजला की प्रेमाचे हात थांबत. पलीकडची सगळी बोलणी पडद्याआड बोलल्यासारखी तिच्या कानावर येत. "शेवंताबाई, मागच्या वेळचे संपले हो एका दिवसात." "शेवंताबाई, आमच्या सासूबाई म्हणतात, असा पेरू लहानपणी खाल्ला होता." एकदा कुणी शेवंतीला थर्मास दिला, जुना, पण चांगल्यातला. त्या दिवशी प्रेमानं रांधलेली आमटी खारट झाली. गुणाजी काही बोलला नाही तर ती म्हणाली, "बोला ना, खारट झाली म्हणून. तिच्या हातची गोड लागत असेल."

"मी कधी जेवलंय तिच्या हातचा?" गुणाजी म्हणाला.

"मनात तर जेवता."

आणि मग राऊतांनी ती गोष्ट काढली. एकदा दुपारी पाटाच्या पाण्यावरून दोघी जावांचं वाजलं होतं. राऊत विहिरीच्या कठड्यावर बसून पान लावत ऐकत होते. पान तोंडात घालून ते गुणाजीला म्हणाले, "हे बघ, मला रोजचा तमाशा नको. पुढच्या सालापासून वाडी एकाच्या नावावर. मंडळ ज्याचा माल घेतं, त्याला सगळी देईन. दुसऱ्यानं आपलं बघावं."

गुणाजी म्हणाला, "बरा." त्याचा स्वभावच तसा. पण प्रेमानं कळशी खाली ठेवली.

म्हणजे मंडळानं पेरू घेतले नाहीत तर वाडी गेली. आणि गेली तर कुणाकडे, तर शेवंतीकडे. तिच्या पडद्यापलीकडे, तिच्या डोळ्यांदेखत. वाडी पार बुडाली असती तरी प्रेमाला इतकं लागलं नसतं.

तिनंही फळांना पिशव्या बांधायला सुरुवात केली होती. फळमाशी येते, फळाच्या सालीत अंडं घालते, वरून काही दिसत नाही. म्हणून फळ लिंबाएवढं असतानाच पिशवी घालायची आणि देठाशी सुतळीनं बांधायची. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून तिचे डोळे दुखायला लागले. दिवसभर हात वर करून बांधायच्या, मान आखडायची, लाल मुंग्या काखेत शिरायच्या. तरी पिशवी सोडली की फळाला टाचणी टोचल्यासारखा बारीक डाग दिसे, आणि कापलं की अळी. शेवंतीच्या पिशव्याही कापडाच्याच होत्या. गिरणीच्या दारात मिळणारे तुकडे. पण त्या वेगळ्या दिसत. ताठ, पिवळसर, वाऱ्यावर वाजणाऱ्या.

"ह्ये असे कडक कशे गो?" प्रेमानं एकदा विचारलं. शेवंती दोरीवर पिशव्या वाळत घालत होती.

शेवंतीनं चिमटा दातातून काढला. "खळ लावतंय वयनी. ह्येंका सवय ना खळीची. पावसान कापड फळाक चिकटत नाय."

"आणि माशी?"

"माशी येता ती बसाक बघता आणि जाता."

"जाता? अशीच?"

शेवंती हसली. "तिका खळ आवडत नसात."

हसण्यात काही नव्हतं. प्रेमाला मात्र ते हसणं दिवसभर पाठीवर कुसळासारखं टोचत राहिलं. तिनं घरी कांजी शिजवली, आपल्या पिशव्या तीत बुडवल्या आणि वाळवून बांधल्या. पुढच्या आठवड्यात त्यांवर मुंग्यांच्या रांगा लागल्या. माशी आली ती आलीच.

"काय तरी आसा तिच्या खळीत," ती गुणाजीला म्हणाली.

"नशीब आसा."

"नशीब तुमच्या भावाचाच बरा उघडता. तुमचा काय झोपला हा?"

भाद्रपदाच्या सुरुवातीला शेवंती आणि सहदेव टेम्पोबरोबर कांदिवलीला गेले होते. दुपार होती. गुणाजी बाजारात. दोरीवर पिशव्या वाळत होत्या. प्रेमा फळी ओलांडून पलीकडे गेली. आधी तिनं एक पिशवी काढून हुंगली. वास आंबट, तिखट, नाकात बसणारा. शिळ्या कांजीला येतो तसा असेल असं तिला वाटलं. मग तिनं ओच्यात मावतील तेवढ्या घेतल्या.

विहिरीकडचं झाड तिच्या बाजूचं, आणि सगळ्यांत चांगलं. त्याची फळं मोठी, आतून पांढरीशुभ्र, बी कमी. तिनं आपल्या पिशव्या सोडून त्या झाडाला शेवंतीच्या बांधल्या. ज्या फळांवर डाग होते ती तोडून टाकली, कोवळी तेवढी राखली. बांधून झालं तेव्हा तिच्या हातांची आग होत होती. तिनं ते विहिरीवर धुतले, मातीनं घासले. संध्याकाळी जेवताना बोटं बधिर वाटत होती. मुंग्या चावल्या असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सहदेव दोरीकडे बघत म्हणाला, "पिशये कमी दिसतत गो."

शेवंतीनं वर पाहिलं. दोरीकडे, मग पाटापलीकडे विहिरीकडच्या झाडाकडे. त्या झाडावर ताठ पिवळसर पिशव्या वाऱ्यावर वाजत होत्या. प्रेमा खाली मान घालून मुळा उपटत होती. तिचे कान तापले.

"वाऱ्यान गेले असतीत," शेवंती म्हणाली. "दुसरे शिवतंय."

ती भांडली असती तर प्रेमाला बरं वाटलं असतं. भांडायला तिची तयारी होती. चार वाक्यं तिनं जुळवूनही ठेवली होती.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी प्रेमानं विहिरीकडच्या झाडाच्या तयार फळांच्या पिशव्या सोडल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. एकाही फळावर डाग नव्हता. खळीचा पांढरट थर होता, तो तिनं पदरानं पुसला. खालून पेरू असे निघाले की ती झाडाखाली बसूनच राहिली. मग तिनं ते पाटीत एकावर एक रचले, चुंबळ केली, पाटी डोक्यावर घेतली आणि शनिवारची वाट न बघता थेट कांदिवलीला सुनंदाबाईंच्या घरी गेली.

सुनंदाबाईंनी सुरीनं पेरू कापला. दोन्ही फोडी बघितल्या. एक स्वतः खाल्ली, एक शेजारणीला दिली.

"अहो, हे तर शेवंताबाईंच्याही वरताण आहेत," शेजारीण म्हणाली.

प्रेमानं ते ऐकलं. तिला बसा म्हटलं तरी ती बसली नाही. उभ्यानंच तिनं ते पुन्हा एकदा मनात ऐकलं.

"नवरात्राचे पेरू या वेळी दोघींकडून घेऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "उपासाच्या बायकांना वाटायचेत."

शनिवारी टेम्पो पाटाच्या अलीकडे थांबला. हॉर्न वाजला तेव्हा प्रेमा मुद्दाम सावकाश बाहेर आली. पलीकडे शेवंती आपल्या पाट्या घेऊन उभी होती. "वयनी, तुमचे आधी चढवा," ती म्हणाली. ते दिवस प्रेमाला नीट आठवतात. ती गुणाजीला सारखं विचारत होती, "काय म्हणाली ती बाई? सांगा ना, मी काय सांगितलंय तुमका?" आणि गुणाजी कंटाळून म्हणायचा, "वरताण."

ललितापंचमीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुनंदाबाई रिक्षानं आल्या. बरोबर चंद्रप्रकाश होते. मंडळातल्या एका बाईंचे यजमान. एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. दोघेही रिक्षातून उतरले ते थेट पलीकडच्या, शेवंतीच्या झाडाखाली गेले. चंद्रप्रकाशांनी एक पिशवी हुंगली आणि तोंड फिरवलं.

राऊतांनाही बोलावणं गेलं. सगळे विहिरीशी जमले.

"मंडळातल्या काही बायकांची जीभ बधिर झाली," सुनंदाबाई म्हणाल्या. "एका घरात मुलांना उलट्या. पेरूला ढेकणाच्या औषधासारखा वास येतोय, अशा तक्रारी आल्या. मग यांनी आपल्या प्रयोगशाळेत फळं तपासली."

"कीटकनाशक आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "खाण्याच्या फळावर जेवढं चालतं, त्याच्या कितीतरी पट. काय फवारलंत?"

"मी काय फवारूक नाय," सहदेव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "देवाची शपथ. पंपच नाय आमच्याकडे."

सुनंदाबाई शेवंतीकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "शेवंताबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो."

शेवंतीनं पदर तोंडाला लावला. प्रेमा तिच्या शेजारीच उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. तिला कुणी बोललं नाही. तपासलेल्या फळांत तिच्या पाटीतलेही पेरू होते, हे चंद्रप्रकाश नंतर म्हणालेसुद्धा. पण अपेक्षा होती ती शेवंतीकडून. प्रेमाकडून कुणाला कसलीच अपेक्षा नव्हती, म्हणून तिनं कुणाला दुखवलंही नव्हतं. भीती होतीच, आणि त्या भीतीच्या वर हे बसलं होतं.

"वाटलेले सगळे पेरू परत आणायचे," सुनंदाबाई म्हणाल्या. "आम्ही घरोघर निरोप दिलाय, खाऊ नका म्हणून. गोळा तुम्ही करा. लोकांना तुमची तोंडं दिसू देत. दसरा झाला की आम्ही परत येऊ. कुठल्या झाडाला काय केलंत ते खरं सांगायचं. मग ठरवू."

राऊत पान न लावता उठले. "तेव्हाच मीही ठरवीन," ते म्हणाले.

दोघी जावा दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पोत बसून कांदिवलीला गेल्या. पुरुषांना कुणी दार उघडणार नाही, असं राऊतांचं म्हणणं. एक पाटी, दोघींनी दोन बाजूंनी धरलेली. जिने चढायचे, बेल वाजवायची, सांगायचं.

पहिल्याच दारातली बाई पेरू वर्तमानपत्रात घेऊन, हातात सांडशी धरूनच आली. सांडशीत एकेक धरून तिनं ते वरूनच पाटीत सोडले. एक प्रेमाच्या मनगटावर आदळला. "हात धुवून निघा हं इथून. जिन्याच्या कठड्याला लावू नका," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

पुढच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ बनियनवर दारात आले. "दोन खाल्ले. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी अजून आहे. मंडळाला सांगा."

"बाबा, काय होत असेल तर डॉक्टरकडे जावा," शेवंती म्हणाली.

"आता या वयात पेरूनं मरायचं म्हणजे मान आहे," ते म्हणाले. पण उरलेले त्यांनी मुकाट आणून दिले.

एका घरातली बाई आतून गुलाबी गराचे, पिचलेले पेरू घेऊन आली. ते त्यांच्या वाडीचे नव्हतेच.

"हे आमचे नाहीत," प्रेमा म्हणाली. "आमचे पांढरे."

"मग कुणाचे? मी घरात पिकवले?"

"बाई, बाजारचे आहेत हे—"

शेवंतीनं प्रेमाचा हात दाबला आणि पेरू घेतले. "असू देत वयनी. गोळाच करायचे तर हेही चालतील." बाईचा आवाज उतरला. तिनं शेवंतीला पाणी विचारलं. शेवंतीनंच आधी प्रेमाला दिलं, पण पेला बाईनं धरला होता तो शेवंतीकडे.

असं प्रत्येक दारात होत होतं. शिव्या पडत होत्या त्या शेवंतीला. "शेवंताबाई, असं कसं केलंत?" "शेवंताबाई, आम्ही तुमच्यावर डोळे मिटून..." आणि दोन वाक्यांनंतर त्याच बायका तिला विचारत होत्या, "तुमच्या मुलांनीही खाल्ले का हो?" "जेवलात का?" प्रेमा पाटीचा दुसरा कान धरून उभी राही. तिला कुणी शिवी दिली नाही. संध्याकाळपर्यंत तिला वाटायला लागलं, एकीनं तरी आपलं नाव घेऊन शिवी द्यावी.

शेवटचं घर तळमजल्यावरचं. दार राधानं उघडलं. नवीन लग्न झालेली, हिरव्या चुड्याची. मागून तिच्या सासूबाई, उत्तराबाई, आल्या. आत देवघरात घट बसवलेला होता. मातीवर गहू उगवून पिवळे, कोवळे झाले होते, समई लावलेली. घटापुढे पानावर फळं मांडली होती. केळी, सीताफळ, आणि विहिरीकडच्या झाडाचा एक मोठा पेरू. प्रेमानं तो लांबूनच ओळखला.

"बाकीचे घ्या," उत्तराबाई म्हणाल्या. "हा नाही देता येणार. घटापुढे ठेवलेलं घट उठेपर्यंत हलवत नाहीत."

"पण आई, तो..." राधा म्हणाली.

"कळतं मला. देवीला चालतं सगळं."

शेवंती चपला काढून उंबऱ्याशी बसली. "आई, देवीला चालेल. पण दसऱ्याला तुम्ही तो प्रसाद म्हणून कापून वाटाल. पोरं असतील घरात."

उत्तराबाईंनी समईची वात सारली. मग म्हणाल्या, "नाही वाटणार. दसऱ्याच्या दिवशी तू ये. तुझ्या हातानं घेऊन जा. माझं तुझ्यावर राग धरणं वेगळं, आणि हे वेगळं. राधा, चहा टाक."

चहा दोघींना आला. शेवंतीला आतल्या पाटावर, प्रेमाला बाहेर पाटीपाशी, कारण पाटी राखायला कुणीतरी हवं होतं. प्रेमा जिन्यावर बसून चहा प्यायली. चांगला चहा होता, वेलचीचा. आतून शेवंतीच्या रडण्याचा आणि उत्तराबाईंच्या "उगी, उगी" म्हणण्याचा आवाज येत होता. देवीपुढचं फळ आपलं, आणि उगी उगी तिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी भाऊ भाऊ वाडीच्या बांधाशी खड्डा खणत होते. गोळा केलेले पेरू, शेवंतीनं सकाळी उत्तराबाईंकडून आणलेल्या घटापुढच्या पेरूसकट, एका कोपऱ्यात आंबत पडले होते, त्यावर माशा घोंघावत होत्या. तिथंच सहदेवानं फावडं टाकलं आणि खाली बसला.

"दादा, मी पिशयांका औषध लावलंय."

गुणाजीला पहिल्यांदा कळलंच नाही.

"सायझिंगात सुताक खळ लावतत तशी. खळीत औषध कालवलंय. खळ कापडाक धरून रवता, पावसान धुवून जाय नाय. माझा म्हणणा, फळाक कुठं लावलंय? कापडाक लावलंय. फळ आत निवांत." तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. "ताण्याची खळ साच्यावर घासून घासून सुतातच जिरता ना, दादा. ह्येचाही तसाच झाला. कापड घासला, फळात जिरला."

"शेवंतीक म्हायत होता?"

"होता. तीही म्हणाली, फळाक नाय लागणा."

गुणाजी खणत राहिला. गिरणीतलं शहाणपण वाडीत असं उगवलं होतं. सायझिंगमध्ये असता तर त्यानंही हेच केलं असतं. प्रेमा पाटाशी उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिची नजर विहिरीकडच्या झाडावर गेली. पिशव्या अजून वाजत होत्या, आणि त्या दिवशी बोटं कशानं बधिर झाली होती ते आता कुठं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाई आणि चंद्रप्रकाश आले. राऊत आधीच कठड्यावर बसले होते. सहदेवानं औषधाचा डबा पुढे ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. चंद्रप्रकाशांनी डब्यावरचं चित्र बघितलं, मान हलवली. "हे फळबागेचं नव्हेच," ते म्हणाले. सुनंदाबाईंनी डबा पायानं बाजूला सारला. मग त्या गुणाजीला म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

"आमी काय नाय लावला," गुणाजी म्हणाला. ते खरंच होतं. त्याला तेवढंच ठाऊक होतं.

चंद्रप्रकाश अलीकडच्या, रस्त्याकडच्या काही झाडांमधून फिरले; विहिरीकडच्या झाडापर्यंत ते गेले नाहीत. लुगड्याच्या पिशव्या सोडून त्यांनी फळं बघितली, हुंगली, एक कापलं. अळी वळवळली. "इकडे काही नाही," ते म्हणाले. "किडके आहेत, पण स्वच्छ आहेत."

राऊतांनी गुणाजीकडे बघून मान डोलावली. डोलावली म्हणजे ठरवलं, हे सगळ्यांना कळलं.

"मग एक राहिलं," सुनंदाबाई प्रेमाकडे वळून म्हणाल्या. "नवरात्रात तुम्ही आणून दिलेत ते पेरू कुठले? त्यांतही औषध सापडलं. ते तर किडके नव्हते."

प्रेमानं तोंड उघडण्याआधीच शेवंती बोलली.

"ते माझे होते, ताई. वयनींच्या पाटीत मीच घातले. त्यांचा माल जात नव्हता म्हणून." ती सरळ सुनंदाबाईंकडे बघून बोलत होती. "त्यांचा काही दोष नाही. एक घर तरी राहू दे वाडीवर."

वाडी आता प्रेमाची होती. पाटाच्या दोन्ही बाजू, विहीर, सगळी. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. सहदेव बायकोकडे बघत होता. त्याला पिशव्यांचं ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. गुणाजीनं सुटल्यासारखा श्वास टाकला.

सुनंदाबाईंच्या कपाळावरची आठी गेली. "तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तसले सुंदर पेरू... शेवंताबाईंचेच ते."

"तिचे नाहीत," प्रेमा म्हणाली.

"अहो, त्याच तर सांगतायत—"

"खोटं सांगते ती. माझे आहेत. ते झाड बघा. विहिरीकडचं. माझं झाड, माझं फळ. पिशव्या तिच्या चोरून आणल्या मी. बांधल्या मी. तुमच्या शेजारणीनं काय म्हटलं होतं ते आठवा."

"प्रेमा!" गुणाजी म्हणाला. "गप रव. काय बोलतंस तुका कळता काय?"

"कळता माका." तिचा आवाज चिरकला होता. "सगळा तिचाच. दुष्टावा केला तो तिचा, मोठेपणा केला तोही तिचाच. माझा काय काहीच नाय? ते पेरू माझे होते."

चंद्रप्रकाश झाडाकडे गेले. एक ताठ पिवळसर पिशवी त्यांनी ओढली, हुंगली आणि सुनंदाबाईंकडे बघितलं. आणखी तपासायची गरज नव्हती.

सुनंदाबाईंनी पर्स काखेला मारली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, दमल्यासारख्या दिसत होत्या. "मग दोन्हीकडचं बंद," त्या म्हणाल्या. राऊत कठड्यावरून उठले. "आठ दिवसांत झाडं मोकळी करा. उरलेलं फळ माझ्या वाडीत नको, एकसुद्धा. मी दुसरा माणूस बघतो." जाताना त्यांनी दोन्ही भावांपैकी कुणाकडेही बघितलं नाही.

रिक्षा गेल्यावर गुणाजी तिथंच उकिडवा बसला. "वाडी हातात आली होती," तो स्वतःशीच म्हणाला. "हातात." सहदेवानं त्याला बिडी दिली. दोघे भाऊ खड्ड्याच्या काठावर बसून बिडी ओढत राहिले. पुढे एकाला गोरेगावला वॉचमनची नोकरी मिळाली, दुसऱ्याला भांडुपला. वाडी पुढं कुणी केली आणि नंतर तिथं काय उभं राहिलं, ते सांगण्यासारखं काही नाही.

पण त्या दुपारी फळं उतरवायची होती. शेवंती फळं तोडायचा जाळीचा झेला आणि पाटी घेऊन विहिरीकडच्या झाडाशी आली. पिशव्या तिच्या होत्या, म्हणून असेल. एका बाजूनं तिनं सुरुवात केली. दुसऱ्या बाजूनं प्रेमा. फांद्या हलत होत्या, सुकी पानं दोघींच्या केसांत पडत होती.

"वयनी," शेवंती म्हणाली, "कित्या केलास असा? मी सांगितलंय ना, माझे म्हणून."

"म्हणूनच," प्रेमा म्हणाली.

शेवंतीनं आणखी विचारलं नाही. सुतळी तोडायची, पिशवीसकट फळ पाटीत टाकायचं, पुढचं. शेवंतीचा हात चपळ होता, पहिल्यापासूनच. तिची पाटी निम्म्यावर आली. प्रेमानं पानांच्या फटीतून तिकडे बघितलं, मग आपल्या पाटीकडे बघितलं, आणि दोन्ही हात वर करून ती भराभर तोडायला लागली.